शालनबाईंची सून का रडते

कुरुळीतल्या आमच्या आळीत एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती, ती म्हणजे मी रोज रडते. सकाळी कंपनीच्या बसला जाताना रडते, संध्याकाळी येताना रडते, गच्चीवर कपडे वाळत घालताना तर हमखास रडते. आळीभर चर्चा होऊन, दोन-तीन बायकांनी माझ्यासाठी उसासे टाकून झाल्यावर ही बातमी सर्वांत शेवटी माझ्यापर्यंत आली.

मी स्नेहल. माहेर रहाटणीचं, सासर इथलं. चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात रंगाच्या विभागात मी तपासणीला आहे. रंगवलेलं दार ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात माझ्यासमोरून सरकत जातं आणि त्यावर धुळीचा कण, बुडबुडा, ओघळ, जे काही असेल ते मला पकडायचं असतं. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क आणि त्यात माझ्या नाकावर जाडजूड चष्मा. मास्कमधून श्वास सुटला की चष्म्यावर वाफ. मी वाफ पुसेपर्यंत दार पुढे गेलेलं असायचं. शेवटी वैतागून मी लेसरची शस्त्रक्रिया करून घेतली. चष्मा गेला, नंबर गेला आणि त्यांच्या मागोमाग डोळ्यांचा ओलावाही गेला. थोड्या जणांना असं होतं, हे मला आधी नीट सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, कारण थोडे जण म्हणजे दुसरे कुणीतरी, असंच आपल्याला वाटत असतं.

डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचायचं. थेंब घातले की जरा बरं, मग पुन्हा तेच. आणि थोडं वारं लागलं की घळाघळा पाणी. कोरड्या डोळ्यातून पाणी कसं येईल, असा प्रश्न मलाही पडला होता. डोळा वाळला की तो घाबरतो आणि भसाभसा पाणी सोडतो, पण ते पाणी पातळ असतं, डोळ्यावर ठरत नाही, सरळ गालावर उतरतं. म्हणजे गाल ओले आणि डोळे कोरडेच. आता हे सगळं बसच्या गडबडीत आळीतल्या बायकांना थांबून कोण समजावणार?

त्यात आमच्या सासूबाईंचा आवाज. सासूबाई म्हणजे शालनबाई. पूर्वी रानात असताना त्या बांधावरून हाक मारायच्या ती विहिरीपलीकडच्या माणसाला ऐकू जायची. रानात कंपनी उभी राहिली, जुन्या घराच्या जागी बंगला आला, पण आवाज होता तेवढाच राहिला. नुसतं मीठ जरी मागितलं तरी परक्याला वाटावं की आत भांडण जुंपलंय. मनानं बाई साधी. मी पहिल्या पाळीला असले की माझ्याआधी उठून माझा डबा करणारी. पण मन काही रस्त्यावर ऐकू जात नाही.

घरात असल्या आवाजाची सासू आणि रस्त्यावर डोळे पुसत जाणारी सून. समोर राहणाऱ्या सावित्रीबाईंनी एवढ्यावर जे ताडायचं ते ताडलं. त्या स्वभावानं वाईट नाहीत, फक्त कुठलीही गोष्ट त्यांच्या पोटात रात्रभर राहत नाही.

हे सासूबाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांचा पारा चढला. सावित्रीबाईंशी भांडायला त्या दारापर्यंत गेल्याही, पण आपण भांडलो की आवाजाचा आणखी बोभाटा होईल हे त्यांनाच उमगलं आणि त्या परत फिरल्या. मग त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. मला बाहेर दिसूच द्यायचं नाही. गच्चीवर कपडे त्या स्वतः घालायला लागल्या. कुणी आलं की मला आत पिटाळायच्या. बसला जातानासुद्धा पदर डोळ्यांवर ओढ म्हणाल्या, पण मी पंजाबी ड्रेस घालते, त्याला पदर कुठला? परिणाम व्हायचा तोच झाला. आळीत नवी बातमी फिरली की शालनबाई आता सुनेला घराबाहेरही पडू देत नाहीत.

माझे मिस्टर यावर खो खो हसायचे. त्यांचं नाव नानासाहेब. पणजोबांचं नाव ठेवलंय, त्यामुळे तिशीतच ते फोनवर लोकांना आजोबा वाटतात. सासरे भैरूअण्णा कशावरच बोलत नाहीत. पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणतात आणि त्यातच सगळं आलं. एकूण घरात कुणी ही गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं, कारण पुढे धाकट्या दिराचं, रविराजचं, लग्न त्यातच अडकलं.

आमच्या पट्ट्यात हल्ली मुलाचं लग्न जमणं हे मोठं काम होऊन बसलंय. रविराज सुट्या भागांच्या कंपनीत सुपरवायझर आहे, निर्व्यसनी आहे, दिसायला बरा आहे, घरचा बंगला आहे. पण मुलींना हवा असतो पिंपळे सौदागरला फ्लॅट, आणि कुरुळी म्हटलं की नाकं मुरडतात. किती ठिकाणी पोहे खाल्ले त्यानं. शेवटी तो म्हणायला लागला की वहिनी, मला आता पोह्यांची चव सांगूनच मुलगी नकार देणार की नाही ते कळतं.

आणि मग वर्षाली आली. चिखलीची, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी, हसरी, पटकन बोलणारी. तिला कुरुळी चालत होती, रविराज तर फारच चालत होता. दोघांची फोनवर गुणगुण सुरू झाली. रविराज अंघोळीला गाणी म्हणायला लागला. आता फक्त एक रीत बाकी होती. मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला यायचं.

घर बघायला येतात म्हणजे भिंती बघायला येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. थोरली सून कशी नांदतेय ते बघतात. तिच्या अंगावर काय आहे, तोंडावर काय आहे, चहा ठेवताना ती सासूकडे बघते की बघत नाही. वर्षालीला लहानपणापासून तिच्या आत्यानं, कस्तुराबाईंनी, वाढवलं होतं. त्याच आल्या होत्या. बाई काटक, बोलायला मोजकी, नजर मात्र फिरती.

ऊन फार होतं. पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून सासूबाईंनी बैठकीतला पंखा पूर्ण सोडला. मी ट्रे घेऊन त्याच्या खाली गेले आणि माझे डोळे लागले वाहायला. एका हातात ट्रे, एका हातानं कप देतेय आणि हनुवटीवरून थेंब टपकताहेत. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, आत जा म्हणून. कस्तुराबाईंनी ते वटारलेले डोळे नेमके टिपले. पाणी प्यायच्या निमित्तानं त्या माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि दार पुढे लोटून घेतलं.

"खरं सांग पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "हितं काय तरास हाय का तुला?"

"नाही हो आत्या, खरंच नाही. डोळ्यांचं आहे. ऑपरेशननंतर असं होतं."

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की माझंच मला वाईट वाटलं.

"मीबी असंच सांगायची," त्या म्हणाल्या. "कुणी इचारलं की डोळ्यात कचरा गेला म्हणायची. लई वरसं जात व्हता माझ्या डोळ्यात कचरा."

जगातल्या सगळ्या सुनांनी जे खोटं सांगून ठेवलंय, तेच माझं खरं होतं. जाताना त्यांनी माझ्या मुठीत एक चिठोरा कोंबला. त्यावर त्यांचा फोन नंबर होता. कधीही फोन कर, म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात चिखलीहून निरोप आला की जरा विचार करतो. हा विचार कसला असतो ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रविराजची गाणी बंद झाली. जेवायला बसायचा आणि भाकरी नुसती मोडत राहायचा. वर्षाली आत्याशी भांडत होती, पण आत्याचा शब्द मोडून लग्न करायची तिची तयारी नव्हती, आणि ज्या आत्यानं वाढवलं तिचं मन मोडायला रविराजही सांगत नव्हता. मला तर त्याच्यासमोर ताट ठेवायची चोरी झाली. माझ्या डोळ्यांनी त्याच्या संसाराचं वाटोळं केलं, असंच सारखं मनात यायचं.

अशात एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून थेंब घालत होते, तर सासूबाई येऊन शेजारी टेकल्या. मग त्यांनी विचारलं, आणि तेव्हा मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला.

"लोकं म्हणत्यात ते ऱ्हाऊ दे. तू सांग. माझ्यामुळं रडतीस का गं तू?"

मला आधी हसूच आलं. मग बघितलं तर त्यांचा चेहरा एवढा पडलेला होता. आळीनं एवढ्या वेळा सांगितलं होतं की या बाईला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं की आई, तुमच्यामुळे मी आजवर एकदाच रडलेय, तुम्ही केलेल्या ठेच्यानं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या की मग उद्या तुझ्या डॉक्टरकडं मीबी येते, ह्या डोळ्याचं काय ते एकदा करूनच टाकू.

संत तुकाराम नगरात डॉक्टर मिनल यांच्याकडे माझे उपचार चालू होते. थेंब झाले, शेक झाले, अश्रू वाहून जायचं बारीक भोक बंद करून झालं. त्यांनी मला आधीच एका खास लेन्सबद्दल सांगितलं होतं, स्क्लेरल लेन्स म्हणतात तिला. मीच टाळत होते. एकदा चष्म्यातून सुटल्यावर पुन्हा डोळ्यात काही घालायचं, तेही केवढं मोठं. साधी लेन्स नखाएवढी असते. ही बघितली तर कोटाच्या बटणाएवढी, खोलगट, कडक, भातुकलीतली काचेची वाटी म्हणावी तशी.

डॉक्टरांनी सासूबाईंना ती तळहातावर घेऊन दाखवली. ही बुबुळाला शिवतच नाही, त्या म्हणाल्या, बाजूच्या पांढऱ्या भागावर टेकते. घालताना हिच्यात मिठाचं निर्जंतुक पाणी काठोकाठ भरायचं. ते पाणी लेन्स आणि बुबुळाच्या मधे अडकून राहतं आणि डोळा दिवसभर पाण्यात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे डोळ्याला घरचा हौद बांधून द्यायचा. डॉक्टर म्हणाल्या, अगदी तसंच.

त्यांनी बघण्यापुरती एक लेन्स माझ्या डोळ्यात बसवली. त्या क्षणाचं काय सांगू. टोचणं थांबलं. इतके महिने सारखं सलणारं काहीतरी एकदम गप्प झालं. डॉक्टरांनी मुद्दाम पंखा लावला, मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि काहीच झालं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक वार मला खुर्चीतून वाचता आले. मी आनंदानं ते मोठ्यानं वाचायला लागले, तेव्हा सासूबाईंनी बाहेरच्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात मला गप्प बसायला सांगितलं.

मापं घेतली, लेन्स बनून आल्या, आणि मग घरी नाकी नऊ आले. ही लेन्स घालायची रीतच उलटी आहे. मान खाली घालायची, तोंड टेबलाला समांतर, लेन्स रबरी दांडीवर धरायची, नळ तुंबल्यावर वापरतात त्या पंपाचं पिल्लूच ते, आणि खालून वर आणून उघड्या डोळ्याला लावायची. पाणी सांडता कामा नये. आत एक बुडबुडा राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि माझ्या पापण्या अशा की लेन्स जवळ आली की खटकन बंद. मिस्टरांनी मदत करायची म्हटलं तर त्यांचाच हात थरथरायला लागला. रविराजनं माझी पापणी धरली आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. पाणी सगळं टेबलावर.

"सरका," सासूबाई म्हणाल्या. "वासराच्या डोळ्यात औषध घातलंय मी. त्ये तर लाथबी मारायचं."

डॉक्टरांकडे जाऊन त्या रीतसर शिकून आल्या. नखं कापायची, साबणानं हात धुवायचे, हाताला तेल नको, मसाला नको, लेन्सला नळाचं पाणी तर अजिबात लागू द्यायचं नाही. हे नियम त्यांनी असे पाळले की घरात आणीबाणी आली. सकाळी लेन्स होईपर्यंत फोडणी बंद. टेबलाजवळून कुणी जायचं नाही. भैरूअण्णांचा पेपरसुद्धा धूळ उडते म्हणून बाहेर. लेन्सची डबी त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली, कारण घरात त्याहून स्वच्छ जागा नाही.

आणि आमचं जमलं. त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझी पापणी वर धरायची, ती अशी की मिटायची सोयच नाही, आणि उजव्या हातानं लेन्स खालून आणायची. मी आरशात बघून सांगायचं. बुडबुडे शोधायचाच तर माझा धंदा आहे. बुडबुडा दिसला की मी ओरडायचे, त्या चिडायच्या, काढायच्या, पुन्हा भरायच्या. तेवढं चालू असताना तोंडाचा पट्टाही चालू. पण त्यांच्या बोटांत काय नरमाई होती. आवाज ऐकावा तर अंगावर काटा, आणि बोट लागलंय हे कळायचंसुद्धा नाही. मी पुन्हा माझ्या ट्यूबच्या उजेडात उभी राहायला लागले आणि बसला जाताना माझे गाल कोरडे असायला लागले. पण आळीनं एकदा जे ठरवलं ते ठरवलं. रडून रडून तिचं पाणी आटलं, असं सावित्रीबाईंचं म्हणणं पडलं.

रविराजचं घोडं मात्र अडलेलंच होतं. आम्ही फोनवर कळवलं की लेन्स आल्यात, आता पाणी येत नाही, या आणि बघा. तिकडून नुसतं बरं आलं. सांगून सवरून बोलावलं तर घर सजवून दाखवणारच की, असं कस्तुराबाईंना वाटलं असणार. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

म्हणून त्या न सांगता आल्या. सकाळीच, माझ्या दुसऱ्या पाळीचा दिवस होता. चिखलीहून पहिल्या रिक्षानं आल्या आणि आधी गेल्या कुठे, तर सावित्रीबाईंकडे. सावित्रीबाईंनी त्यांना जे सांगायचं ते सांगितलंच, वर म्हणाल्या की चला, मागच्या दारानं नेते, डोळ्यांनीच बघा.

मागचं दार उघडतं स्वयंपाकघरात. त्या वेळी माझ्या उजव्या डोळ्यात लेन्स गेलेली होती आणि डाव्या डोळ्यापाशी आमचं युद्ध चाललं होतं. दारातून त्यांना जे दिसलं ते असं. सून टेबलावर वाकलेली, हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली. सासूनं तिच्या मानेवर कोपर ठेवलेलं आणि बोटं तिच्या डोळ्यात. आणि सासू ओरडतेय.

"खाली घाल मान. आनखी खाली. हललीस तर बघ मग. डोळा मिटू नगंस म्हनलं ना."

कस्तुराबाई धावत आल्या आणि त्यांनी सासूबाईंचं मनगट धरून ओढलं. लेन्स उडाली. पाणी टेबलावर सांडलं, रबरी दांडी सावित्रीबाईंच्या पायाशी गेली. कस्तुराबाई माझ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या, हात पसरून. त्या म्हणत होत्या की पोरीला हात लावायचा नाही, मी हिला घेऊन जाणार आहे.

आणि सासूबाईंनी यावर काय करावं? त्या दोन्ही हात वर करून जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की कुणी पाय हलवायचा नाही, लेन्स खाली पडलीय.

त्या आवाजाची जरबच अशी की सगळे थिजले. कस्तुराबाईंचे पसरलेले हात तसेच राहिले. सावित्रीबाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. दात घासत आलेला रविराज बनियनवर, ब्रश तोंडात, दाराशी पुतळा. मिस्टर रात्रपाळीहून येऊन झोपले होते म्हणून, नाहीतर तेही दिसले असते. मी एकटीच खाली बसले आणि फरशी चाचपायला लागले. कसली लेन्स, असं कस्तुराबाईंनी विचारलं. मी वाकल्या वाकल्या सांगायला लागले, पण सावित्रीबाई मधेच म्हणाल्या, हे असंच सांगायला लावतात तिला.

तेवढ्यात लेन्स सापडली. कस्तुराबाईंच्याच निऱ्यांना चिकटून चकाकत होती. मी अलगद काढून त्यांच्यासमोर धरली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच मायेचा झाला.

"रडू नगंस गं," त्या म्हणाल्या.

कारण माझा डावा डोळा वाहत होता. लेन्स नव्हती, दार उघडं होतं, सकाळचं वारं आत येत होतं, तो वाहणारच. मी सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी मला थांबवलं. त्यांनी रविराजला पंखा सोडायला सांगितला, पूर्ण. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड कस्तुराबाईंकडे केलं.

पंखा गरगरायला लागला. डावा डोळा धो धो, गाल भिजला, थेंब ओढणीवर. उजव्या डोळ्यात लेन्स होती. तो स्वच्छ, शांत, टकामका कस्तुराबाईंकडे बघत होता.

"आता तुमीच सांगा," सासूबाई म्हणाल्या, "एका डोळ्यानं कोन रडतं का?"

कस्तुराबाई जवळ आल्या, माझ्या एका गालाला हात लावला, मग दुसऱ्या गालाला लावला. सावित्रीबाईही पुढे झाल्या आणि वाकून दोन्ही डोळे आळीपाळीनं बघितले, दुकानात साडी बघावी तसे. मग त्यांनी अगदी खालच्या आवाजात कबूल केलं की न्हाई बाई, असं तर कोण रडत न्हाई.

मला वाटलं, आता कस्तुराबाई ओशाळतील, माफी मागतील, चहा होईल. पण त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की ही वाटी हिच्या डोळ्यात कशी घालता ते मला बघायचंय. सासूबाईंनी हात पुन्हा धुतले. लेन्स औषधानं चोळून स्वच्छ केली, निर्जंतुक पाण्यानं धुतली, काठोकाठ भरली. मी टेबलावर वाकले. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, परकं माणूस बघतंय म्हणून लाजल्या असतील. नुसतं हळू म्हणाल्या की बघ हं. पापणी वर गेली, थंड पाणी डोळ्याला टेकलं, लेन्स बसली. मी आरशात बघितलं. बुडबुडा नव्हता. वर मान केली तर दोन्ही डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं, कस्तुराबाईंच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. सासूबाईंच्या बोटांकडे बघत होत्या.

"माझी सासू खोलीत असली तर मी डोळा मिटून निजायची न्हाई," त्या म्हणाल्या. "हितं ही पोरगी उघडा डोळा तुमच्या बोटात देती." मग रविराजकडे वळल्या. "तोंड धुऊन ये बाबा. वर्षालीला फोन लाव आन् सांग, आत्यानं घर बघितलं."

रविराजनं ब्रश गिळला नाही एवढंच. तो आत पळाला आणि आतून बादली पडल्याचा आवाज आला. भैरूअण्णा बाहेरून पेपर घेऊन आत आले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि "हं" म्हणाले, पण हा "हं" मोठा होता, मी तरी तसा पूर्वी ऐकला नव्हता. आणि सासूबाई, ज्यांना मी लग्न होऊन आल्यापासून कधी डोळे पुसताना बघितलं नव्हतं, त्या पाठमोऱ्या झाल्या आणि तशाच चालत पुढच्या दारातून ओट्यावर गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडत होत्या. आवाज मोठा, तसं रडणंही मोठं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर येत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. माझाही ऊर भरून आला होता, पण पोराच्या लग्नाचं ठरलं त्या दिवशी दोघींनी मिळून दारात रडायचं म्हणजे फारच झालं असतं, म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले. सकाळची वेळ, बायका नळाला चाललेल्या, पोरं शाळेला, कंपनीच्या बसला निघालेली माणसं. सगळी आळी थांबून बघत होती. शालनबाई रडताहेत आणि सून कोरड्या डोळ्यांनी शेजारी खांबासारखी उभी.

संध्याकाळपर्यंत बातमी कुरुळीभर झाली होती की सून आता सासूला छळते. सावित्रीबाईंनी बिचाऱ्यांनी दारोदार जाऊन खरं काय ते सांगितलं. पंख्याचं सांगितलं, वाटीचं सांगितलं, एका डोळ्याचं सांगितलं. पहिल्यांदाच त्या सगळं खरं सांगत होत्या आणि नेमका तेव्हाच त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

सकाळी नळावरच्या एका बाईनं थांबून सासूबाईंना विचारलंच होतं, काय झालं हो शालनबाई, का रडताय? मी सांगणार होते, पण त्यांनी माझा हात दाबला. पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे चोरून बघत म्हणाल्या, "काय न्हाई गं. डोळ्यात कचरा गेला व्हता."